कापसाच्या गावात गणिताचं वर्ष कसं आखावं

विदर्भात शाळेची घंटा जूनच्या शेवटच्या आठवड्यात वाजते. पहिल्या आठ-दहा दिवसांतच वार्षिक नियोजन लिहून मुख्याध्यापकांच्या फायलीत लावायचं असतं. दाखले, पुस्तकवाटप, गणवेशाची मापं, प्रवेशोत्सव या गडबडीत आपण पुस्तकाची अनुक्रमणिका उघडतो, घटकांना महिन्यांनी भागतो आणि रकाने भरून मोकळे होतो. मीही बरीच वर्षं तेच केलं.

एका वर्षी तिसरीची हातच्याची वजाबाकी माझ्या कागदावर नोव्हेंबरात आली. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव कापसाचं. नोव्हेंबरात वावरं पांढरी झालेली, पटावर चौदा लेकरं आणि वर्गात सहा. तीही रोज तीच सहा नसत. सोमवारी दशक सुटा करायला शिकलेली पोरगी मंगळवारी धाकट्या भावाला सांभाळायला वावरात, आणि बुधवारी आलेल्या पोराला सोमवारचं काहीच माहीत नाही. आठ दिवस मी रोज पहिलाच दिवस शिकवला. फेब्रुवारीत पाहिलं तर चौदापैकी चौघांनाच ती वजाबाकी येत होती. लेकरांत काही कमी नव्हतं. मी तो घटक चुकीच्या महिन्यात ठेवला होता.

तेव्हापासून नियोजनाची सुरुवात मी पुस्तकापासून करत नाही, गावाच्या कामधंद्यापासून करते. पुढची रीत पहिली ते चौथीच्या, दोन शिक्षकी शाळांसाठी आहे. ती कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात तयार झाली. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या गावात महिने थोडे सरकवून घ्यावे लागतील.

आधी खरे दिवस मोजा

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. हे २०० दिवस सगळेच गणिताच्या कामाचे नसतात, म्हणून पेन्सिल घेऊन हिशेब मांडा. आमच्या शाळेपुरता तो साधारण असा निघतो: प्रवेश आणि सुरुवातीची पाहणी १० दिवस, दोन्ही संकलित (सत्राच्या शेवटच्या) चाचण्या आणि त्यांची तयारी १२, क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन, १५ ऑगस्ट-२६ जानेवारीची तयारी १०, आपली प्रशिक्षणं, शिक्षण परिषदा आणि इतर सरकारी कामं ८. उरले १६०.

आता मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक काढा. प्रत्येक दिवसाखालची उपस्थितीची बेरीज पाहा आणि पटाच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी लेकरं असलेल्या दिवसावर ठिपका द्या. हे काम तासाभराचं आहे, पण वर्षातला सगळ्यात उपयोगी तास हाच. आमच्याकडे ठिपके पस्तीसच्या आसपास आले. म्हणजे बहुतेक वर्ग समोर बसलेला आहे आणि आपणही मोकळे आहोत, असे दिवस राहिले १२५. रोज गणिताला एक तास धरला तर १२५ तास. या आकड्याने घाबरून जाऊ नका. एवढ्या तासांत चौथीपर्यंतचं गणित नीट होतं, फक्त कोणता तास कशाला द्यायचा हे आधी ठरलेलं हवं.

ठिपके कुठे दाटून आलेत ते पाहिलं की गावाचं कॅलेंडर आपोआप दिसतं. जून अखेर आणि जुलैचा पहिला आठवडा पेरणीचा, पाऊस दगा देऊन गेला तर दुबार पेरणीचा. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण असतं, पण त्या कामाला मोठी माणसं जातात. लेकरं शाळेत येतात, नाल्याला पूर आला तेवढे दिवस सोडून. धानाच्या भागात मात्र हाच रोवणीचा काळ. श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मग गणपती आणि महालक्ष्म्या. सप्टेंबर अखेरपासून सोयाबीनची सोंगणी. दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणी, ती जानेवारीपर्यंत चालते, मधे तुरीची कापणी. संक्रांतीनंतर वर्ग पुन्हा भरतो आणि मार्चच्या मध्यापर्यंत भरलेला राहतो. त्यानंतर सकाळची शाळा, आणि जंगलालगतच्या गावांत मोहफुलं वेचायला पहाटेच घर रिकामं होतं.

तुमच्या गावाचं चित्र वेगळं असेल. तांड्यावरची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, गडचिरोली-चंद्रपूरकडून मिरची तोडायला लोक तेलंगणात उतरतात, काही घरं वीटभट्टीवर असतात. आपल्या पटावरची कोणती लेकरं कोणत्या महिन्यात जातात आणि कधी परततात, हे जुलैतच पालकांना विचारून नावासमोर लिहून ठेवा. जाणाऱ्या लेकराला शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून नव्या गावच्या शाळेत शिकणं सुरू ठेवता येतं) द्यायचंच, पण त्याने जाण्यापूर्वी नेमकं काय पक्कं करून जावं, हेही त्याच कागदावर ठरवा.

साखळीचे घटक आणि सुटे घटक

आता पुस्तक उघडा आणि प्रत्येक घटकाला एकच प्रश्न विचारा: काल न आलेल्या लेकराला आजचा तास समजेल का?

दशक-एकक, हातच्याची बेरीज-वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक. इथे उत्तर ‘नाही’ येतं. आजची कडी कालच्या कडीत अडकलेली असते. हे साखळीचे घटक. आकार, लांबी-वजन-धारकता, घड्याळ, दिनदर्शिका, आकृतिबंध, चित्रालेख यांचा प्रत्येक तास बराचसा त्या दिवशीच पुरा होतो. हे सुटे घटक. भरलेल्या वर्गाचे महिने साखळीला द्यायचे आणि विरळ महिने सुट्या घटकांना. एवढा एकच बदल केला तरी वर्ष हलकं होतं.

पुस्तकातला क्रम मोडायला आपण बिचकतो. मीही बिचकत होते. एका शिक्षण परिषदेत माझा कागद पाहून कोणी विचारलं, मापनाचा घटक पुढे आणि भागाकार मागे कसा? मी हजेरीपत्रक पुढे केलं. त्यावर पुढे कोणी काही बोललं नाही. क्रम बदलताना एक मात्र पाळा: साखळीच्या आतला क्रम हलवायचा नाही. गुणाकाराआधी भागाकार कधीच नाही.

प्रत्येक इयत्तेचा गाभाही लिहून ठेवा, म्हणजे काहीही झालं तरी सुटू नये असं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाची लक्ष्यं इथे कामी येतात: पहिलीला ९९ पर्यंत, दुसरीला ९९९ पर्यंत आणि तिसरीला ९९९९ पर्यंत संख्या वाचणं-लिहिणं, दुसरीला ९९ पर्यंतची वजाबाकी, तिसरीला साधा गुणाकार. चौथीसाठी मी भागाकार आणि पाव-अर्धा-पाऊण हे जोडते. गाभ्यात सहा-सातपेक्षा जास्त गोष्टी घालू नका. सगळंच महत्त्वाचं म्हटलं की नोव्हेंबरात काय सोडायचं ते कळत नाही.

पहिले दहा दिवस: एकेका लेकराजवळ बसा

पायाभूत चाचणी होते, तिचे गुण भरले जातात, आणि वर्गाचं खरं चित्र तरी हाती येत नाही. ते पाहायचं तर प्रत्येक लेकराबरोबर पाच-सात मिनिटं व्हरांड्यात बसावं लागतं. बाकीचे तेव्हा पुस्तकाला कव्हर घालत असतात, चित्र काढत असतात. साहित्य फार लागत नाही. मूठभर चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, पाटी.

मी एवढं विचारते: हे चिंचोके मोजून दे (साधारण तेवीस ठेवते). पस्तीस, त्रेपन्न, एकोणतीस लिही. ४८ मोठे की ८४, आणि कशावरून? गठ्ठ्यांतून ४६ काड्या दे. ४२ मधून १७ वजा कर. शेवटी एक तोंडी उदाहरण, दुकानातलं. दुसरीपर्यंतच्या लेकरांना अर्ध्यावरच थांबवते.

बरोबर-चूक अशी खूण करू नका, लेकराने काय केलं ते लिहा. ४२ − १७ चं उत्तर ३५ आलं, तर त्याने सातातून दोन काढलेत, मोठ्यातून लहान. हे लेकरू वजाबाकी जाणतं, दशक सुटा करणं जाणत नाही. ‘चूक’ लिहिलं असतं तर पुढच्या महिन्यात त्याला नेमकं काय द्यायचं ते मला कळलंच नसतं.

अशाच एका पाहणीत दुसरीतल्या पोरीला मी पस्तीस लिहायला सांगितलं. तिने ५३ लिहिलं. मी काही न बोलता तीन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या, ‘हे किती?’ म्हटलं. तिने मोजलं, ‘पस्तीस.’ मग पाटीकडे पाहिलं, परत काड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मॅडम, पस्तीसमंदी पाच पहिले म्हनते, मंग तीन पहिले काहून लिहाचं?’

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि लिहितो मागे. बेचाळीसमध्ये दोन आधी ऐकू येतात, त्रेपन्नमध्ये तीन. त्यावर एकोणीस ते एकोणनव्वद अशी आठ ‘एकोण’ मंडळी, आणि नव्याण्णव पुन्हा वेगळंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा बराच वाद झाला. माझं मत असं की वर्गात दोन्ही हवं. बाजारात आणि घरात पस्तीसच चालणार, ते यायलाच पाहिजे. पण पहिले दोन महिने लेकरू संख्या पाहिली की आधी ‘तीन दशक पाच’ म्हणेल आणि मग ‘पस्तीस’, अशी सवय लावा. ‘एकोण’ म्हणजे एक ऊण, एक कमी, हे शंभर मण्यांच्या माळेवर दाखवा: चाळिसाव्या मण्यावर चिमटा, एक मागे या, एकोणचाळीस. लेकरांना हा खेळ फार आवडतो. आठवडाभरात बहुतेकांची ‘एकोण’ची भीती जाते.

ज्या लेकरांच्या घरी कोरकू, गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलली जाते, त्यांना आधी घरच्या भाषेत मोजू द्या. मोजणं येतं आणि मराठी नावं येत नाहीत, हे मोजणंच न येण्यापेक्षा फार वेगळं आहे. पाहणीच्या वहीत या दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहा.

जुलै ते सप्टेंबर: साखळीचा पहिला हंगाम

जुलै पूर्ण दशक-एककाला द्या, तिसरी-चौथीलाही. चौथीला मोठ्या संख्यांपर्यंत जायचं असतं म्हणून आपण दोन दिवसांत उरकतो आणि वर्षभर त्याची किंमत देतो. गठ्ठ्यांसाठी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, उत्तम. पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) काड्या वाकड्या आणि जाड, दहाचा गठ्ठा नीट बसत नाही. बोटभर लांबीचे सारखे तुकडे करा. गठ्ठा लेकरांनी स्वतः मोजून बांधायचा, आपण बांधलेला द्यायचा नाही. दहा झाले की रबर, दहा गठ्ठे झाले की सुतळी. शतक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, हाताला कळतं. शाळेत आलेली गणित पेटी असेल तर तीही काढा, पण पेटीतले ठोकळे आधीच जोडलेले असतात. बांधण्या-सोडण्याचा अनुभव तुराट्याच देतात.

एक क्रम सोडू नका: आधी वस्तू, मग त्याबद्दल बोलणं, मग चित्र (गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्याला ठिपका), आणि शेवटी अंक. चित्राची पायरी आपण हमखास गाळतो. काड्या उचलून ठेवल्या की थेट फळ्यावर आकडे. ज्यांना काड्यांनी येतं आणि वहीत येत नाही, त्यांचा घोळ बहुधा इथेच असतो.

ऑगस्टात बेरीज-वजाबाकी. ४२ − १७ करताना चार गठ्ठे आणि दोन काड्या मांडल्या की सात काढायला सुट्या पुरत नाहीत, हे लेकरूच सांगतं. एक रबर सोडा. आता तीन गठ्ठे आणि बारा सुट्या. सात गेले पाच उरले, एक गठ्ठा गेला दोन उरले. पंचवीस. पहिले तीन-चार दिवस एकही उदाहरण वहीत लिहू नका. ‘उसना घेतला’ हा शब्द मी वापरत नाही. एका पोराने विचारलं होतं, उसना घेतला तर परत कधी द्यायचा? ‘गठ्ठा सोडला’ म्हटलं की असा प्रश्नच येत नाही. घरी आजोबा किंवा काका जुनी रीत दाखवतात, वरच्या एककात दहा मिळवायचे आणि खालच्या दशकात एक वाढवायचा. तीही बरोबर आहे. ती चूक ठरवून लेकराला घरच्यांपुढे अवघडवू नका. चौथीत दोन्ही रीती काड्यांवर पडताळून पाहता येतात.

पोळ्याच्या आगेमागे गुणाकार सुरू करा. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन निघतात. किती जोड्या, किती बैल, किती पाय, किती शिंगं, यातून दोनचा आणि चारचा पाढा कसा वाढतो ते दिसतं. पण गुणाकाराचं खरं चित्र वावरात आहे. चौफुलीवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सरळ ओळींत, लावलेला कापूस धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून पाहा: आडव्या ओळी, उभ्या ओळी. आम्ही दोऱ्या टाकून एक चौकोन आखला. सहा ओळी, प्रत्येकीत सात झाडं. निम्म्यांनी एका बाजूने मोजलं, निम्म्यांनी दुसऱ्या. ‘इकून सहा साते बेचाळीस, तिकून सात सक बेचाळीस. झाडं तं तेवढेच!’ पाढे अर्धेच पाठ करावे लागतात, हे त्या दिवशी वर्गाला कळलं. वर्गात परतल्यावर तेच चित्र ठिपक्यांनी वहीत काढून घेतलं आणि दोरीच्या जागी रेघ मारून सातचे पाच आणि दोन केले: सहा पंचे तीस, सहा दुणे बारा, बेचाळीस. पुढे दोन अंकी गुणाकार याच रेघेवर उभा राहतो.

पाढे पाठ हवेतच, रोज पाच मिनिटं, तालात. फक्त आधी ठिपके, मग ताल.

ऑक्टोबर ते डिसेंबर: विरळ वर्गाचे महिने

पहिली संकलित चाचणी आणि दिवाळी यांत ऑक्टोबर संपतो. नोव्हेंबर-डिसेंबरात नवीन साखळी सुरू करू नका. वजन, लांबी, घड्याळ, दिनदर्शिका, आकार, चित्रालेख हे इथले. दिवाळीनंतरचा पहिला आठवडा जुलैतलीच पाहणी छोटी करून पुन्हा घ्या.

लेकरांनी वेचणीला जावं असं मला मुळीच वाटत नाही, आणि जाणाऱ्यांच्या घरी मी दरवर्षी बोलायला जाते. पण वावरातून परतलेलं लेकरू काय शिकून आलंय, ते न पाहता त्याला मागे पडलेलं म्हणणं अन्यायाचं आहे. चौथीतल्या एका पोराला मी विचारलं, आईने २७ किलो कापूस वेचला, किलोला ९ रुपये मजुरी, तर किती झाले? तो लगेच म्हणाला, ‘दहाच्या भावानं दोनशे सत्तर. सत्तावीस कमी केले. दोनशे त्रेचाळीस.’ तेच उदाहरण मी पाटीवर उभं मांडून दिलं. त्याने लिहिलं १८६३. नऊ साते त्रेसष्ट पूर्ण लिहिले, नऊ दुणे अठरा त्याच्या डावीकडे लिहिले.

तोंडी हिशेबात त्याला सत्तावीस म्हणजे सत्तावीस माहीत होते. मांडणीत त्याला २ आणि ७ असे दोन वेगळे आकडे दिसले. मी त्याला त्याचीच दोन उत्तरं शेजारी ठेवून दाखवली आणि विचारलं, एका दिवसात अठराशे रुपये मिळतात का? तो हसला आणि स्वतःच खोडायला लागला. मग २० चे नऊ आणि ७ चे नऊ असे ठिपक्यांच्या चौकोनात वेगळे केले: १८० आणि ६३. या महिन्यांत अशी तोंडी उदाहरणं रोज दोन तरी घ्या, तूर, कापूस, किराणा यांवरची, आणि लेकराने मनात कसं केलं ते सगळ्या वर्गापुढे त्याच्याकडून वदवून घ्या. जानेवारीच्या भागाकाराची जमीन इथे तयार होते.

२२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिन. त्या दिवशी मी चौथीला कापरेकरांची ६१७४ ही संख्या देते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि देवळालीत शाळामास्तर होते, हे लेकरांना आवर्जून सांगते. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. त्यांची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या करून वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतेच. तिसरीला हेच तीन अंकांवर द्या, तिथे ४९५ येते. एरवी पाच वजाबाक्या म्हटलं की तोंड वाकडं करणारी लेकरं त्या दिवशी पंधरा-पंधरा करतात. चूक झाली तर संख्या येत नाही, म्हणून तपासूनही स्वतःच पाहतात.

संक्रांतीनंतर: भागाकार आणि अपूर्णांक

जानेवारीच्या मध्यापासून आठ आठवडे मिळतात, वर्षातला दुसरा चांगला हंगाम. तिसरीला समान वाटणी, चौथीला भागाकाराची मांडणी आणि अपूर्णांक. भागाकारात ‘वाटणे’ आणि ‘गट करणे’ हे दोन्ही अर्थ येऊ द्या: २४ तिळाचे लाडू सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला किती, आणि २४ लाडू सहा-सहाच्या पुड्यांत बांधले तर पुड्या किती. उत्तर दोन्हीकडे चार, पण काम वेगळं.

अपूर्णांकांत आपल्या लेकरांचा मोठा फायदा आहे आणि तो आपण वाया घालवतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द ती दुकानात रोज ऐकतात. तिथूनच सुरुवात करा. ज्वारीची भाकरी चार सारख्या तुकड्यांत मोडा, एक तुकडा हा पाव, मग १/४ लिहा. १/४ हा १/२ पेक्षा मोठा, कारण चार दोनापेक्षा मोठे, असं वर्गातलं निम्मं पोर म्हणणारच. भाकरी पुढे ठेवून विचारा, भूक लागली तर कोणता तुकडा घेशील? यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

२६ जानेवारीच्या सुमारास बाल आनंद मेळावा असतो. त्याला निव्वळ करमणूक समजू नका. वांगी किती पैशांची आणली, पाव किलो किती रुपयांना दिली, शेवटी हातात काय राहिलं, याचा कागद प्रत्येक दुकानाकडून घ्या. दुसऱ्या दिवशीचा तास त्या कागदांवरच होतो.

मार्चच्या मध्यापासून सकाळची शाळा. गणित पहिल्या तासाला घ्या, दहानंतर पत्र्याखाली कोणाचंच डोकं चालत नाही. या दिवसांत नवीन काही नको, गाभ्यातलं कच्चं राहिलेलं पुन्हा घट्ट करायचं.

रोजचा तास

दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे असले की तासाचे तुकडे करावे लागतात. पहिली दहा मिनिटं दोन्ही वर्ग एकत्र, तोंडी: उलटी मोजणी, पाढा, दोन हिशेब. मग वीस मिनिटं एका वर्गासोबत नवीन काम, तेव्हा दुसरा वर्ग कालचा सराव किंवा पत्त्यांचा खेळ घेतो, गटप्रमुखासह. मग अदलाबदल. शेवटची पाच-सात मिनिटं वह्यांवर नजर. सराव नेहमी कालच्या कामाचा द्या. आजचं अर्धवट कळलेलं एकट्याने करायला दिलं तर चूकच पक्की होते. शनिवारी अर्धी शाळा, त्या दिवशी फक्त खेळ आणि तोंडी.

गैरहजर लेकरांसाठी भिंतीला एक कापडी पिशवी लावा. रोजच्या कामाचं एक कार्ड, तारीख घालून, पिशवीत. परतलेलं लेकरू आपली चुकलेली कार्डं काढतं आणि शेजाऱ्याकडून समजून घेतं. सगळंच भरून निघत नाही, पण ‘मी नव्हतो’ म्हणून कोपऱ्यात बसणं थांबतं.

नोंदवही

महिन्याला एक पान. डावीकडे नावं, वर गाभ्यातल्या गोष्टी. वस्तू घेऊन जमलं तर एक तिरकी रेघ, वहीत स्वतंत्रपणे जमलं तर फुली. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पान पाहा. एखाद्या रकान्यात निम्म्यापेक्षा जास्त घरं फुलीशिवाय असतील तर पुढच्या महिन्यातला आठवडा तिकडे वळवा. म्हणून वार्षिक नियोजनाची आपली प्रत पेन्सिलीनेच लिहा. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदीही याच पानावरून भरता येतात, आणि त्या खऱ्या असतात. माता पालक गटाच्या बैठकीत हे पान उघडून दाखवा. टक्क्यांपेक्षा ‘तुमची पोरगी आता गठ्ठा सोडून वजाबाकी करते’ हे आईला लवकर कळतं, आणि वेचणीच्या दिवसांतही तिला शाळेत पाठवण्याचं बोलणं तिथूनच सुरू होतं.

एप्रिलमध्ये या नोंदवहीचं शेवटचं पान पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला द्या. बदली झाली तर नव्याने येणाऱ्याच्या टेबलावर हजेरीपत्रकाशेजारी ठेवून जा. आणि तुराट्या मार्चमध्येच गोळा करा. तूर निघाल्यावर गावभर त्यांचे ढीग असतात, जूनपर्यंत त्या चुलीत गेलेल्या असतात किंवा पहिल्या पावसात भिजलेल्या. चौथीच्या लेकरांकडून सारखे तुकडे करून घ्या, उन्हात दोन दिवस वाळवा आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात झाकण लावून ठेवा. डबा जमिनीवर नको, विटांवर. वाळवी लागते.